पूर ओसरला, गोळ्या चालू आहेत ना?

 

जून आला की आपण कौलं चाळतो, जळण आत घेतो, बियाणं बघतो. नदीकाठच्या गावांत आणखी एक काम असतं. रेशनकार्ड, सातबारा, आधार, गटाचं पासबुक सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायचं. २०१९ च्या महापुरानं आम्हाला ही सवय लावली. पण त्या वर्षी ज्यांनी शहाणपणानं अशी पिशवी बांधली होती, त्यांच्याही पिशवीत गोळ्या नव्हत्या. शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या, थायरॉईडच्या. त्या राहिल्या देवळीत, आणि देवळी गेली पाण्याखाली.

आज त्याच गोळ्यांबद्दल बोलायचं आहे, आणि मनाबद्दलही. संकट आलं की या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंततात ते मला फार उशिरा कळलं. उशिरा कळलं त्याची किंमत मी नाही भरली, आमच्या गटातल्या एका बाईनं भरली. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. आपण त्यांना मळ्यातल्या वहिनी म्हणू.

मळ्यातल्या वहिनी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका, तिथं ५७ फुटांच्या वर. शिरोळ तालुक्यात कित्येक गावांना बेटाचं रूप आलं. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. हे सगळं तुमच्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वहिनी तेव्हा पन्नाशीच्या. आठ वर्षांपासून शुगर, पाचेक वर्षांपासून बीपी. गोळ्या वेळेवर घेणाऱ्या, बैठकीला पहिल्या येणाऱ्या. पुरात दोन म्हशींपैकी एक गेली, मागची भिंत पडली. आठ दिवस त्या शाळेतल्या छावणीत होत्या. छावणीत मदत खूप आली. बिस्किटं, भात, साड्या, चादरी. मीही तिथं वही घेऊन याद्या करत होते. घरात माणसं किती, भांडी किती गेली, जनावरं किती गेली. त्या वहीत एक रकाना नव्हता: रोजची औषधं कोणती चालू आहेत? मी वहिनींना दोन वेळा भेटले आणि दोन्ही वेळा हे विचारलं नाही.

पाणी उतरलं. गाळ काढला, पंचनामे झाले. सप्टेंबरच्या बैठकीला वहिनी आल्या नाहीत. ऑक्टोबरलाही नाहीत. हप्ता थकला. मी घरी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. घर अर्धंच सावरलेलं. म्हणाल्या, "तेवढं पुढच्या महिन्यात देतो गं." मी हो म्हटलं आणि निघाले. बैठकीत कुणीतरी म्हणालं, वहिनींनी अंगच काढून घेतलं आता. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी हप्ता भरला. मला बरं वाटलं.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या लेकीचा फोन आला. गाळ काढताना पायाला पत्रा लागला होता. ती जखम भरलीच नव्हती. वहिनींनी कुणाला दाखवली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर चारशेच्या वर होती. पायाचं एक बोट काढावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. गोळ्या पुरात गेल्या. केसपेपर गेला, त्यामुळे गोळीचं नाव माहीत नव्हतं. नंतर गोळ्या आणायला जे पैसे बाजूला काढले ते त्यांनी हप्त्याला घातले. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "म्हस गेली, घर गेलं. आता गोळ्या खाऊन कुणासाठी जगायचं हाय?"

साडेतीन महिने त्या माणसाच्या मनात हा प्रश्न होता. आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

ताण अंगात कसा उतरतो

त्यानंतर मी आमच्या भागातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना, आशाताईंना विचारून, प्रशिक्षणाला जाऊन जे शिकले ते सोप्या शब्दांत सांगते.

साप दिसला की काय होतं? छाती धडधडते, हात थरथरतात, अंगात कुठून तरी बळ येतं. शरीर पळण्याची तयारी करतं. त्यासाठी काही रसायनं, म्हणजे हार्मोन्स, रक्तात सोडली जातात. ती यकृतातली साखर रक्तात आणतात आणि बीपी वाढवतात. साप निघून गेला की सगळं परत जागेवर येतं.

पण पूर, भूकंप, दरड, आग यांचा साप लगेच जात नाही. घर नाही, पंचनाम्याची वाट बघायची, कर्ज डोक्यावर, पोरांची शाळा बंद. हा ताण महिनोन्‌महिने चालतो. मग साखर आणि बीपी वरच राहतात. म्हणून ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याचीसुद्धा शुगर संकटानंतर वाढू शकते. त्यात झोप नसते, जेवणाची वेळ नसते, छावणीत मिळेल ते खावं लागतं.

आता उलट बाजू बघा. मन खचलं की माणूस स्वतःकडे बघणं सोडतो. गोळी विसरतो, किंवा मुद्दाम घेत नाही. जेवण टाळतो किंवा नुसता चहा पितो. पुरुष असेल तर दारू, तंबाखू वाढते. तपासणीला जात नाही. मग आजार वाढतो, अंगात त्राण राहत नाही, आणि मन आणखी खचतं. रहाटाच्या दोरीला एकदा पीळ बसला की तो जसा वाढत जातो तसं हे आहे. वहिनींचं नेमकं हेच झालं.

शिवाय नेहमीच्या दिवसांतही मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्याचा आजार इतरांपेक्षा सुमारे दुपटीनं आढळतो. रोजचं पथ्य, रोजची गोळी, खर्च, पुढं काय होईल ही भीती, यांचं ओझं आधीच असतं. त्यावर संकट येऊन पडतं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना नावाचं मोठं वादळ आलं. तिथं अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जुने आजार असलेल्या लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाचे उपचार वादळामुळे कमी झाले किंवा बंदच पडले. पैशाअडक्याच्या देशात हे झालं. आपण स्वतःला किंवा वहिनींना दोष देऊन काय उपयोग?

कोणतं औषध तुटलं तर काय होतं

सगळ्याच आजारांत औषध तुटणं वाईट, पण काही आजारांत एकेक दिवस महत्त्वाचा असतो. त्यांची यादी पाठ करून ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं इन्सुलिन बंद पडलं तर, विशेषतः लहान मुलं आणि तरुणांना, दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. वापरात असलेली बाटली फ्रिज नसेल तर थंड सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. उन्हाळ्यात मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यावर दुसरं लहान भांडं ठेवायचं आणि बाटली डब्यात घालून त्यात ठेवायची. बर्फाला चिकटवून ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पुराच्या पाण्यात पडलेलं वापरायचं नाही.

फिट येणाऱ्यांची गोळी अचानक थांबली तर फिट परत येतात, कधी एकामागून एक येतात. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळतं. टीबीचं औषध मध्ये तुटलं तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. एचआयव्हीच्या औषधाचंही तसंच. दमेकऱ्यांना गाळाची धूळ आणि भिंतींची ओल त्रास देते, त्यामुळे घर साफ करायला त्यांना पुढं करू नका. मनाच्या आजाराच्या गोळ्या तर लोक सगळ्यात आधी सोडतात, कारण त्या लपवून घेतलेल्या असतात आणि छावणीत सगळ्यांसमोर काढायची लाज वाटते.

डायलिसिसवरच्या माणसाची फेरी चुकू देऊ नका. रस्ता बंद व्हायच्या आधीच त्यांना पलीकडं हलवा. मधल्या काळात पाणी, मीठ, केळी, शहाळं यांवर डॉक्टरांनी सांगितलेलं बंधन कडक पाळायचं. छावणीत कुणी मायेनं केळी वाटतं, पण त्यांना ते घातक ठरू शकतं.

आणि दोन गोष्टी सगळ्यांसाठी. ओल्या झालेल्या गोळ्या उन्हात वाळवून खाऊ नका. आणि चार दिवसांच्या राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन हिशेब पुरा करू नका. खंड पडला असेल तर विचारून सुरू करा.

दुःख कुठवर, आजार कुठून

संकटानंतर रडू येणं, झोप न लागणं, पाण्याचा आवाज आला की दचकणं, चिडचिड होणं, हे बहुतेक सगळ्यांना होतं. तो आजार नाही. घर गेल्यावर कुणी हसत बसेल का? घरचं माणूस जवळ असलं, डोक्यावर छप्पर आलं, कामाला हात लागला की बहुतेकांचं मन काही आठवड्यांत सावरतं.

पण काहींचं सावरत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, दिवसातला बराच वेळ, पुढचं दिसत असेल तर लक्ष द्या. कशातच मन लागत नाही. अंघोळ, वेणी-फणी, स्वयंपाक होत नाही. पहाटे तीनलाच जाग येते किंवा दिवसभर पडून राहावंसं वाटतं. जेवण तुटलं आहे. मीच सगळ्यांवर ओझं आहे असं बोलणं येतं. तीच ती दृश्यं डोळ्यांसमोर येतात. बैठकीला, लग्नाला, देवळात, कुठंच जात नाही. हातात पैसे असून औषध आणत नाही.

आपल्या बायका "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात डोकं जड झालंय, अंग मोडून आलंय, छातीत धडधडतं, पोटात कालवतं. पुरुष तेही म्हणत नाही. तो भांडतो, पितो, किंवा गप्प होतो. म्हणून शब्दांवर जाऊ नका, वागणं किती बदललं ते बघा.

इथं एक मोठी चूक होते. "टेन्शन आहे" म्हणून सगळं मनावर ढकलायचं. तसं करू नका. जुना आजार असलेल्या माणसात शरीराची तपासणी आधी. अंगाला घाम सुटला, हात थरथरतात, माणूस घाबरल्यासारखं करतो, असंबद्ध बोलतो, तर ते भीतीनं असेल किंवा शुगर कमी झाल्यानंही असेल. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण मिळालं नाही तर असं होतं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. छातीत कळ आली, श्वास लागला, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर धक्का बसलाय म्हणत थांबू नका. थायरॉईडची गोळी बंद पडली तरी माणूस सुस्त आणि उदास होतो. तिथं समजूत घालून भागत नाही, गोळी सुरू करावी लागते.

आपण काय करायचं, काय बोलायचं

आपण डॉक्टर नाही. पण संकटानंतर पहिला मानसिक आधार देण्याची एक साधी पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ती तीन कामांत सांगितली आहे: बघा, ऐका, जोडून द्या.

बघा म्हणजे कोण गप्प आहे, कोण एकटं आहे, कोण आजारी आहे, कुणाला आधी मदत लागेल ते नजरेनं टिपा.

ऐका म्हणजे शेजारी बसा. वही बाजूला ठेवा. विचारा, "वहिनी, झोप लागते का? जेवण जातंय का? गोळ्या चालू आहेत ना?" एवढ्या तीन प्रश्नांनी बरंच उघडतं. बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर "पाणी आलं तेव्हा काय झालं सांग ना" म्हणून खोदत बसू नका. जबरदस्तीनं आठवायला लावल्यानं मन हलकं होत नाही, जखम परत उघडते. रडल्या तर रडू द्या.

काही वाक्यं आपण प्रेमानं बोलतो, पण ती टोचतात. "जीव वाचला हे काय कमी आहे?" "त्या अमकीचं बघ, तिचं तर माणूस गेलं." "देवाची मर्जी." "मन घट्ट कर." समोरची मग गप्प होते, कारण आता दुःख सांगणं म्हणजे गुन्हा झाला. त्याऐवजी म्हणा, "तुमच्यावर फार मोठं संकट आलं. एवढ्यात सावरायला हवं असं काही नाही. आज काय जमेल ते बघू." आणि जे जमणार नाही त्याचं वचन देऊ नका. "घर नक्की मंजूर होईल" असं मी एकीला सांगितलं होतं. ते झालं नाही. त्यानंतर तिनं माझ्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही.

जोडून द्या म्हणजे नुसतं "दवाखान्यात जा" म्हणायचं नाही. सोबत जायचं. आशाताईंना फोन लावून द्यायचा. मुंबईतल्या लेकाशी बोलणं करून द्यायचं.

मनाला रोजची घडी लागते. ठरलेल्या वेळी उठणं, अंघोळ, जेवणानंतर गोळी, थोडं चालणं, एखादं छोटं काम. वहिनींना आम्ही नंतर गटाच्या पापडाच्या कामात बसवलं. बसून करायचं काम होतं. त्या म्हणायच्या, हाताला काम असलं की डोकं थांबतं.

घरात आजारी माणसाची सेवा करणारी जी सून किंवा लेक असते, तिलाही विचारा. तिनंही घर गमावलेलं असतं, पण तिला रडायला वेळ नसतो. आठवड्यातून एक दुपार तिच्या जागी दुसरं कुणी बसलं तरी तिला मोठा आधार होतो.

टोकाचं बोलणं आलं तर

"जगून काय करू" हे वाक्य कानावर पडलं की हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तसं डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. घरातलं कीटकनाशक, उंदराचं औषध, साठवलेल्या गोळ्या उचलून दुसरीकडं ठेवा. इन्सुलिन आणि गोळ्या रोज घरच्या माणसानं हातानं द्याव्यात. गोळ्या मुद्दाम बंद करणं हासुद्धा जीव द्यायचा एक संथ मार्ग असतो, तोही तितक्याच गांभीर्यानं घ्या.

आणि फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, दिवस-रात्र चालू, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. नंबर परत सांगते, रेडिओच्या बाजूला भिंतीवर लिहून ठेवा: एक चार चार एक सहा. जिवाला धोका दिसत असेल तर १०८ किंवा ११२.

कुठं जायचं

उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते शुगर-बीपी तपासतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आणि समुपदेशक असतात. मनाच्या डॉक्टरकडं गेलं म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. पाय मोडला तर हाडाच्या डॉक्टरकडं जातो, तेवढंच.

आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. शुगरच्या डॉक्टरांना सांगा की झोप नाही, मन लागत नाही. मनाच्या डॉक्टरांना सांगा की शुगर, बीपी आहे आणि ह्या ह्या गोळ्या चालू आहेत. दोघांना अर्धं अर्धं सांगितलं तर उपचारही अर्धेच होतात.

गटानं काय ठरवायचं

बायकांच्या गटांनी संकटात मोठी कामं केली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. लोक आणि सरकार यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या. पुढं २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला गेल्या. घर गमावलेल्या बाईचं घर गमावलेली बाई ऐकते, ते परक्याला जमत नाही.

आमच्या गटानं वहिनींनंतर काही गोष्टी ठरवल्या. तुम्हीही बैठकीत मांडून बघा.

पहिली, औषधाची पिशवी. मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या आजारी माणसाच्या किमान १५ दिवसांच्या गोळ्या, केसपेपरची झेरॉक्स, चष्मा, शुगर बघायचं यंत्र असेल तर ते, थोडी साखर, हे सगळं झिपच्या पिशवीत घालायचं. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून दोन मोबाइलमध्ये ठेवायचा, एक गावातल्या आणि एक बाहेरगावच्या नातेवाइकाच्या. मुदत संपायच्या आत त्या गोळ्या वापरून नव्या ठेवायच्या.

दुसरी, यादी. गावात इन्सुलिनवर कोण, डायलिसिसवर कोण, ऑक्सिजनवर कोण, फिट कुणाला येतात, अंथरुणाला कोण खिळून आहे. ही यादी आशाताईंच्या मदतीनं करायची आणि पाणी वाढायला लागलं की यांना आधी हलवायचं. पण ज्याचं नाव त्याची परवानगी घेऊनच. टीबी, एचआयव्ही, मनाचा आजार ही नावं बैठकीत मोठ्यानं वाचायची नाहीत. ती आशाताईंकडंच राहू द्यायची.

तिसरी, हप्ता. हे बोलताना मला जड जातं, कारण वसुली चांगली म्हणून माझं कौतुक व्हायचं. वसुली हवीच, नाहीतर गट मोडेल. पण अंतर्गत कर्जाचे हप्ते किती महिने पुढं ढकलायचे हे गट स्वतः ठराव करून ठरवू शकतो. बँकेच्या कर्जासाठी शाखेत जाऊन लेखी अर्ज करता येतो. आम्ही ठरवलं की संकटाच्या वर्षी अंतर्गत हप्त्याला तीन महिने थांबायचं, आणि गटाच्या निधीतून थोडी रक्कम औषधासाठी बिनव्याजी ठेवायची. दशसूत्रीत आरोग्य आहेच, ते फक्त फळ्यावर नको.

चौथी, दोन बैठका चुकल्या की घरी जायचं. हप्त्याची वही न घेता.

पाचवी, वर्षाची आठवण. पाऊस लागला, नदीचा रंग बदलला की जुनी भीती परत येते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा कित्येकजणी पाणी दारात यायच्या आधीच आजारी पडल्या. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला जुन्या पूरग्रस्तांची विचारपूस करायची, शुगर-बीपी तपासून घ्यायची आणि पाण्याच्या पातळीची खरी बातमी द्यायची. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा नाहीत.

२०२१ ला वहिनी छावणीत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत पिशवी होती. पायात त्यांचे खास बूट होते. माझी वही बघून त्या म्हणाल्या, "आधी गोळ्यांचं विचार, भांड्यांचं मागनं." त्या संध्याकाळी त्यांनीच शाळेच्या चार खोल्या फिरून विचारलं. अकरा जणांच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरोग्य पथकाकडून नऊ जणांच्या मिळाल्या, उरलेल्या दोघांसाठी तालुक्याला माणूस पाठवला.

वहिनींचं मन अजूनही कधीकधी बसतं. त्या महिन्याला जिल्हा रुग्णालयात जातात, गोळी घेतात, आणि कुठं जाता विचारलं तर लपवत नाहीत.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत जमा झाली, सह्या झाल्या की उठायच्या आधी एक प्रश्न विचारा. प्रत्येकीला, नाव घेऊन. गोळ्या चालू आहेत ना? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

नमस्कार.